दिवसभर पायावर असणाऱ्या बायकांची वजनं का वाढतायत? (कोल्हापुरातल्या वस्त्या आणि लठ्ठपणा)

सुईदोरा
मंडळी, नमस्कार. आमचा बचत गट राजेंद्रनगरात चालतो. गटातल्या बायका कुणी चार घरची धुणीभांडी करतात, कुणी डबे देतात, कुणी दवाखान्यात आया आहेत, कुणी शिरोली एमआयडीसीत पॅकिंगला जातात. दिवसभर टेकायला सवड नाही. तरी मध्यंतरी तपासणी शिबिर घेतलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणींचं वजन आणि कमरेचा घेर वाढलेला निघाला. त्यातल्याच कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन दहाच्या आत. अंगावर चरबी आहे आणि अंगात रक्त नाही. पस्तिशीत गुडघे धरलेत. आपल्याला साखर आहे हे काहींना तिथंच पहिल्यांदा कळलं.

"खाणं कमी करा, चालायला जा" एवढा सल्ला मिळाला, बायकांनी माना डोलावल्या आणि कामावर गेल्या. मला त्या सल्ल्याचा राग आला, कारण यातली एकही बाई चैनीचं खात नाही.

माझे प्रश्न दोन. हे असं का होतंय? आणि घरखर्चाला आहेत तेवढेच पैसे धरून काय बदलता येईल? बदाम, ऑलिव्हचं तेल, जिम यातलं काही सुचवू नका, ही मनापासून विनंती.

रस्सामंडळ
एकच अट. पांढऱ्या रश्श्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. बाकी चर्चा दणक्यात होऊ दे.

उद्यमनगरी
पुरुषांचंही तेच चाललंय ताई. मी फाउंड्रीत सुपरवायझर आहे. पूर्वी लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, दोघं-चौघं हातानं उचलायची, साचे हातानं भरायचे, वाळू फावड्यानं ओढायची. आता मोल्डिंग मशीन आलं, कन्व्हेयर आला, क्रेन आली. काम सोपं झालं ही चांगलीच गोष्ट आहे, पाठी वाचल्या. पण जेवण तेवढंच राहिलं. वर ड्युटी आठाची बारा तासांची झाली.

नाइट शिफ्टला रात्री दोनला गेटबाहेर वडापाव, भजी, चहा. सकाळी सातला घरी जायचं आणि पत्र्याच्या खोलीत झोपायचं. उन्हाळ्यात पत्रा तापला की झोप कसली? पोरांची वर्षभरात पोटं सुटतात. आणि सगळ्यांचा समज एकच, एवढा घाम गाळतोय म्हणजे वजन उतरणारच. घामानं पाणी जातं, चरबी नाही, हे सांगून पटत नाही. भट्टीसमोरनं आला की थंड बाटली उघडतो. पाव लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते. ताक प्या म्हटलं तर ताक गेटवर मिळत नाही, बाटली मिळते.

मूळ_कोल्हापूर_आता_पुणे
थोडं वेगळं मत मांडतो. सरकारी पाहण्या काढून बघा, लठ्ठपणा अजूनही वरच्या उत्पन्न गटातच सगळ्यात जास्त आहे. गरिबांचा प्रश्न कुपोषणाचा आहे. दुसरं, प्रत्येक गोष्टीचं खापर परिस्थितीवर फोडलं की माणूस स्वतः काहीच करत नाही. मोबाइल आणि टीव्हीसमोर किती वेळ जातो तेही मोजा. माझी आजी शेतात राबायची, एक शेर वजन वाढलं नाही.

पेठेतला_डॉक्टर
@मूळ_कोल्हापूर, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे, पण अर्धा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ किंवा त्याहून जास्त होता. २०१५-१६ मध्ये हा आकडा २१ च्या आत होता. शहरात ३३ टक्के, खेड्यात २० च्या आत. याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. म्हणजे सुईदोरा ताईंनी एका वस्तीत जे बघितलं तेच देशाच्या आकड्यांत आहे. लठ्ठपणा आणि कुपोषण एकाच बाईत, एकाच घरात असतं.

आणि श्रीमंत-गरीब हे गणित फिरतं. १९८९ साली सोबल आणि स्टंकर्ड या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं, की श्रीमंत देशांत गरीब स्त्रिया जास्त लठ्ठ असतात आणि गरीब देशांत उलट. पुढे २००४ साली ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांच्या गटानं दाखवलं, की देशाचं दरडोई उत्पन्न अडीच हजार डॉलरच्या आसपास गेलं की स्त्रियांमधला लठ्ठपणा वरच्या थरातून खालच्या थराकडे सरकायला लागतो. आपण आत्ता त्या उंबरठ्यावर आहोत, आणि शहरं आधी ओलांडतात. माझ्या दवाखान्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत हेच दिसतंय. पूर्वी व्यापारी यायचे. आता रिक्षावाले, वॉचमन, मोलकरणी येतात, आणि उशिरा येतात.

रिक्षास्टॉप_महाद्वार
रिक्षावाल्यांचं नाव आलंच हाय तर बोलतो. बारा-तेरा तास बूड सीटवर. सकाळी नाष्टा करून निघालं की दुपारी जेवायला घरी जाणं परवडत नाही, गिऱ्हाईक सुटतंय. मग तंबाखूचा मावा लावायचा, भूक मरते. दिवसात सहा-सात चहा. रात्री दहाला घरी गेलं की सगळी भूक एकदम निघतीय. भात, आमटी, चपाती जे असेल ते तुडुंब, आणि लगेच आडवं. आमच्या स्टॉपवर चाळिशीच्या वर ज्याचं पोट सुटलं नाही असा माणूस दाखवा, त्याला आजचं पहिलं भाडं माझं.

झिम्मा_मास्तरीण
@मूळ_कोल्हापूर, आजी शेतात राबायची, बरोबर. तिच्या ताटात जोंधळ्याची भाकरी, झुणका, ठेचा, पोकळ्याची नाहीतर आंबाड्याची भाजी होती. चहात साखर असेल पण बिस्किटाचा पुडा नव्हता, आणि तेल कारळ्याचं नाहीतर शेंगदाण्याचं घाण्यावरचं, मोजून. आज तिची नात शहरात भाड्याच्या एका खोलीत राहते. दोघींची तुलना करताना शेतही मोजा, ताटही मोजा.

मूळ_कोल्हापूर_आता_पुणे
ताटाचा मुद्दा मान्य. पण मग जोंधळा खायला कुणी अडवलंय?

किराणा_कट्टा
पैशानं अडवलंय साहेब. मी दुकानदार आहे, वस्तीच्या तोंडाशीच दुकान आहे, रोजचं सांगतो. चांगला शाळू जोंधळा आज गव्हापेक्षा महाग आहे. रेशनवर गहू आणि तांदूळ माणशी पाच किलो फुकट मिळतो. ज्याला महिन्याचा ताळेबंद बसवायचाय तो फुकटचं सोडून विकतचा शाळू का घेईल? शिवाय भाकरी थापायला वेळ लागतो. चपातीला तेल लागतं, भाकरीला लागत नाही, पण भात कुकरला लावला की बाई मोकळी.

माझ्याकडं काय खपतं ते ऐका. पाच आणि दहा रुपयांचे पुडे: बिस्किटं, कुरकुरे, वेफर्स, नूडल्स. पामतेलाच्या पिशव्या. साखर. फळ म्हणाल तर केळी, बाकी फळ वस्तीत कुणी मोजून मागत नाही. दहा रुपयांत पोट गप्प करायचं असेल तर पुड्याइतकं स्वस्त काही नाही. दहा रुपयांत भाजी किती येते ते लक्ष्मीपुरीत जाऊन बघा.

कष्टकरी_आवाज
रेशनचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे, एक रुपया किलो दरानं द्यायचं लिहिलंय. पण ताटात पडला गहू आणि तांदूळच. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला: रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. सणाला गोडधोड व्हावं ही भावना चांगली आहे, त्यावर टीका नाही. पण वर्षभराचा शिधा ठरवताना डाळ, कडधान्य, तेल यांचं प्रमाण आहारशास्त्र बघून ठरवा, ही मागणी आपण लावून धरायला हवी. रेशन बंद करा असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. कोरोनात रेशननं जीव वाचवलेत.

बारावी_सायन्स
मी माझ्या आईचं सांगतो. ती पाच घरची कामं करते. सकाळी सहाला चहा पिऊन जाते. प्रत्येक घरी चहा मिळतो, दोन चमचे साखरेचा, सोबत खारी नाहीतर बिस्किट. मालकिणी चांगल्या आहेत, आदल्या दिवशीचं उरलेलं देतात: पुलाव, पुरी, वाढदिवसाचा केक, दिवाळीनंतर महिनाभर फराळ. टाकवत नाही म्हणून आई खाते नाहीतर आम्हाला आणते. दुपारी घरी येऊन भात खाते. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात राहिलेलं संपवते. झोपायला अकरा, उठायला पाच, कारण नळाला पाणी पहाटे येतं.

तिला कुणी "कमी खा" म्हटलं की मला वाईट वाटतं. ती ताट वाढून घेऊन निवांत बसून कधी जेवतच नाही. थोडं थोडं दिवसभर पोटात जातं आणि त्यात डाळ-भाजी कमी, साखर-मैदा-तेल जास्त. मी हिशेब केलो, चहातनंच चाळीस-पन्नास ग्रॅम साखर होते.

सुईदोरा
@बारावी_सायन्स, पोरी, तू जे लिहिलंस ते माझ्या गटातल्या कितीतरी जणींचं आहे. आईला माझा नमस्कार सांग.

पेठेतला_डॉक्टर
@बारावी_सायन्सचा हिशेब अगदी बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. ती नुसत्या चहात ओलांडली जाते.

आता मूळ प्रश्न: दिवसभर पायावर असूनही वजन का वाढतं? पहिलं, पायावर असणं आणि व्यायाम होणं वेगळं. ओट्याशी उभं राहणं, भांडी घासणं, फरशी पुसणं यानं थकवा येतो, कंबर धरते, पण हृदय आणि मोठे स्नायू पुरेसे कामाला लागत नाहीत. दुसरं, प्रथिनं कमी पडतात, त्यामुळे स्नायू कमी. स्नायू कमी म्हणजे बसल्याजागी जळणारे उष्मांकही कमी. तिसरं, पाच-सहा तासांची तुटक झोप. झोप कमी झाली की भुकेची संप्रेरकं बिघडतात आणि गोड-तळकट खावंसं वाटतं. चौथं, लागोपाठची बाळंतपणं, प्रत्येक खेपेला वाढलेल्यातले थोडे किलो मागे राहतात.

आणि एक मुद्दा जन्माआधीचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं पाऊण किलोनं लहान, पण त्यांच्या अंगावर चरबी त्या मानानं टिकून होती, कमी होते ते स्नायू. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा धरायचा. घेर बायकांचा ८० सेंटिमीटर, पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा. जिची आई गरोदरपणात अर्धपोटी होती, तिला पुढे स्वस्त उष्मांक मिळाले की तिचं शरीर ते पोटावर साठवतं. हा त्या बाईचा आळस नाही.

आणखी एक: प्रत्येक वाढलेलं वजन थायरॉइडवर ढकलू नका. तपासून घ्या, पण बहुतेकांत कारण ते नसतं.

रस्सामंडळ
डॉक्टर, तुम्ही रश्श्याबद्दल अजून काही बोलला नाही. मी श्वास रोखून वाचतोय.

पेठेतला_डॉक्टर
श्वास सोडा. रविवारी एकदा मटण-रस्सा खाल्ल्यानं वस्तीत लठ्ठपणा आलेला नाही, आणि मटणाचा भाव बघता गरिबाच्या घरी रोज शिजतही नाही. उलट त्यात प्रथिनं आणि लोह आहे. मिसळीवर दोन-तीनदा कट मागून घेणं तेवढं थांबवा. गाड्यावर दिवसभर उकळणाऱ्या तेलाची भजी रोज खाणं जास्त वाईट. तेल परत परत तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायचं नाही असा नियम २०१८ पासून आहे, पण गाड्यावर ते मोजणार कोण?

गुऱ्हाळ_करवीर
साखर वाईट हे मान्य. मग चहात गूळ घाला की! २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्या घरात तीन पिढ्या गुऱ्हाळ हाय. गुळात लोह असतं, बायकांना रक्त कमी असेल तर गूळ-शेंगदाणे द्या.

पेठेतला_डॉक्टर
दादा, कोल्हापुरी गुळावर माझंही प्रेम आहे. पण उष्मांक बघितले तर गूळ आणि साखर जवळपास सारखे आहेत. लोह आहे, पण एका चहातल्या गुळातून मिळणारं लोह नगण्य. "गूळ आहे, चालतोय" म्हणून तीन खडे टाकले तर फायदा उलटा होतो. शेंगदाणे मात्र जरूर, मूठभर. रक्तासाठी हिरवी पालेभाजी, कडधान्य, वर लिंबू, आणि आशाताईंकडच्या लोहाच्या गोळ्या.

गुऱ्हाळ_करवीर
मग गूळ पोळीपुरता आणि सणापुरता ठेवू. शेंगदाण्यासोबत खडा मात्र लागणारच.

आशा_वॉर्डातली
आमचं नाव निघालं म्हणून लिहिते. आम्ही तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म भरतो. वय, तंबाखू-दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-साखर, याचे गुण. चारच्या वर गुण गेले की तपासणीला पाठवायचं. सगळ्यात अवघड असतं टेप लावणं. घरात सासरा, दीर बसलेला असतो. बायका म्हणतात, "लिहा की अंदाजे." मी अंदाजे लिहीत नाही, आतल्या खोलीत नेते, आतली खोली नसेल तर दुपारी पुरुष नसताना परत जाते.

समजुती खूप आहेत. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर पोट सुटतंच, असं पक्कं डोक्यात बसलंय. खरं कारण ऑपरेशन नाही. त्या काळात हालचाल थांबते आणि डिंकाचे लाडू, तूप-भात सुरू होतो. दुसरी समजूत, भरलेली बाई म्हणजे खात्या-पित्या घरची. सून बारीक राहिली तर लोक म्हणतात सासरी उपाशी ठेवतात. आणि उपवास! आठवड्यातनं दोनदा साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स.

आणखी एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ताण. आठवड्याला फायनान्सचा हप्ता, नवऱ्याचं पिणं, पोरीचं लग्न. गोड खाल्लं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, हे मला एका ताईंनी स्वतः सांगितलं. त्यांना मी आहाराचा तक्ता काय देऊ?

रिक्षास्टॉप_महाद्वार
एकादशी आणि दुप्पट खाशी!

झिम्मा_मास्तरीण
मुलांबद्दल कुणीतरी बोलायला हवं. माझ्या वर्गात एकाच घरातला मुलगा काटकुळा आणि बहीण अंगानं जड, असं दिसतं. शाळेत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, हे ठरलेलं आहे. खिचडीत मटकी-मूग असतात, मुलं खातात. पण मधल्या सुट्टीआधीच गेटवरच्या पुड्यानं पोट भरलेलं असेल तर खिचडी तशीच राहते. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा नियम २०२० मध्ये आला. आईनं कामावर जाताना हातावर दहा रुपये ठेवले, कारण डबा करायला वेळ नव्हता. मी त्या आईला बोल लावत नाही. पण पालकसभेत सांगते, दहाचे फुटाणे-शेंगदाणे बांधून द्या.

आणि मैदान. ज्या शाळांना पटांगण होतं तिथं गाड्या लागतात. पेठांमधली पोरं फुटबॉल तरी खेळतात. मुलींनी खेळायचं कुठं?

लाल_माती
मी तालमीतला. पंधराव्या वर्षी वस्ताद सांगतील तसं दूध, तूप, थंडाई, हजार-हजार बैठका. तोवर सगळं जिरतं. कुस्ती सुटली, नोकरी लागली, जोर-बैठका बंद झाल्या आणि खुराक तेवढाच राहिला. माझ्या बरोबरीच्या कितीतरी पैलवानांना आज साखर आहे, गुडघे गेलेत. त्यातले बरेच गरीब घरचे. खुराकासाठी बापानं म्हैस विकलेली. कुस्ती सोडताना खाणं कसं उतरवायचं हे कुणी शिकवत नाही. तालमीत ते शिकवलं पाहिजे, मी आता नव्या पोरांना सांगतो.

@झिम्मा_मास्तरीण, मुलींच्या जागेबद्दल एक बोलू का? कोल्हापुरात प्रत्येक पेठेत, गल्लीत तालीम मंडळ आहे, हॉल आहे. पहाटे आणि संध्याकाळी पोरं असतात. दुपारी कुलूप असतं.

मूळ_कोल्हापूर_आता_पुणे
चालायला हॉल कशाला? रंकाळा आहे, विद्यापीठाचं आवार आहे. दोन्हीकडे पहाटे शेकडो लोक फिरतात. फुकट आहे.

आशा_वॉर्डातली
पहाटे नळाला पाणी येतं दादा. पाणी भरायचं, डबे करायचे, सातला कामावर. संध्याकाळी अंधार पडल्यावर वस्तीच्या वाटेवर दिवे नाहीत, कुत्री आहेत, कोपऱ्यावर पिणारे बसलेत. बाई साडीत एकटी "फिरायला" निघाली तर चार घरं विचारतात कुठं चालली. विद्यापीठात फिरणाऱ्यांच्या पायात बूट असतात. आमच्या बायकांच्या पायात झिजलेली स्लीपर. वेळ, जागा, सोबत या तिन्हीची सोय लागली तरच ती चालेल.

कष्टकरी_आवाज
@आशा_वॉर्डातली +१. पाण्याची वेळ हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे नगरसेवकांपुढं कुणीतरी मांडायला पाहिजे.

किराणा_कट्टा
सुईदोरा ताईंचा दुसरा प्रश्न मागेच राहिला. आहेत त्या पैशात काय? मी वहीतला हिशेब सांगतो. चार माणसांचं घर माझ्याकडनं महिन्याला पाच लिटर तेल नेतं, काही सहा नेतात. डॉक्टर, तेल किती पाहिजे माणशी?

पेठेतला_डॉक्टर
माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. पाचावरून साडेतीनवर आलं तर प्रत्येकाच्या पोटात रोज शंभरेक उष्मांक कमी जातात, कुणाचीही भाकरी न तोडता.

किराणा_कट्टा
मग ऐका. वाचलेल्या दीड लिटरच्या पैशात आजच्या भावानं महिन्याला पंचवीस-तीस अंडी येतात. नाहीतर दीड-दोन किलो मटकी-हुलगे. माझा तेलाचा धंदा कमी झाला तरी अंडी माझ्याकडेच आहेत, त्यामुळं मी मोकळ्या मनानं सांगतोय. कॅनमधनं थेट कढईत ओतू नका, महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर वेगळं काढा आणि चमच्यानं घाला.

पेठेतला_डॉक्टर
यापेक्षा चांगली चिठ्ठी मी लिहिली नसती. त्यात एवढंच घालतो: चहा दोनच आणि साखर एक चमचा. मालकिणीकडे चहाऐवजी ताक किंवा नुसतं पाणी मागायची सवय. आधी डाळ-उसळ आणि भाजी, मग भात. हुलग्याचं पातळ माडगं, आंबील हे आपलंच आहे, ते परत आणा.

आणि वजन उतरलं नाही म्हणून खचू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ सालचा अभ्यास आहे. ज्यांची साखर काठावर होती त्यांनी चालणं-खाणं सुधारलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांची वजनं फारशी उतरलेली नव्हती.

मूळ_कोल्हापूर_आता_पुणे
हा शेवटचा मुद्दा मला नवा आहे. पण माझं म्हणणं कायम आहे, सुरुवात माणसानं स्वतःच करावी लागते. एक विचारतो, तेल मोजणं घरात कुणी करायचं? पुन्हा त्या बाईनंच?

बारावी_सायन्स
आमच्या घरात मी मोजतो. आणि बाबांना सांगितलोय, रात्री आईच्या आधी जेवायचं नाही, सगळी एकदम बसायचं. म्हणजे तिच्या वाट्याला डाळ येते, पातेल्याच्या तळाचा नुसता भात नाही.

उद्यमनगरी
@बारावी_सायन्स, लई भारी. मी कॅन्टीनवाल्याला सांगून रात्रपाळीला उसळ आणि ताक सुरू करता येतंय का बघतो. मालकाला पटवायला थोडं लागेल, पण आजारपणाच्या रजा दाखवल्या की पटेल.

लाल_माती
तालमीच्या अध्यक्षांशी बोललो. दुपारी हॉल द्यायला तयार आहेत, आठवड्यातनं तीन दिवस. अट एकच, आखाड्याच्या मातीत चप्पल नाही. मी खुर्चीला धरून बैठका, भिंतीवर जोर, एवढंच शिकवेन. गुडघे दुखणाऱ्या बायकांना पूर्ण बैठक द्यायची नाही, आधी डॉक्टरांनी बघावं. पण शिकवायला बाईमाणूस असेल तर जास्त बरं.

झिम्मा_मास्तरीण
मी येते. झिम्मा-फुगडीनं सुरू करू. पंचमीला अर्धा तास खेळलं की दम लागतो, तोच वर्षभर खेळायचा. त्याला कुणी "व्यायाम" म्हणून नावं ठेवत नाही आणि सासवाही येतात.

सुईदोरा
सगळ्यांचे मनापासून आभार. गटाच्या बैठकीत तेलाचा आणि अंड्याचा हिशेब मी फळ्यावर मांडणार आहे. आशाताई, टेप घेऊन तुम्ही याल का? बायकांची वेळ दुपारी तीनची धरू का?

आशा_वॉर्डातली
येते. पहिल्या दिवशी घेर आणि बीपी दोन्ही घेऊ, नंतर तीन महिन्यांनी. वजनाचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा नाही, एवढं पाळा.

बारावी_सायन्स
आईला विचारलो. यायचं म्हणतीय, पण तिचं शेवटचं घर चारला संपतं. साडेचार चालेल का?

लाल_माती
साडेचार चालेल. पोरं सहाला येतात, तोवर हॉल तुमचा.